उबिन बेटावरचा ज्वालामुखी

मुलगी आठ वर्षांची होती तेव्हा महिन्यातल्या एका रविवारी आम्ही दोघं सिंगापुरातल्या पुंगोलहून उबिन बेटावर जायचो. चांगीच्या धक्क्यावर बारा माणसं जमेपर्यंत थांबायचं, मग बमबोट नावाची छोटी मोटारहोडी सुटायची. डिझेलचा वास, लाकडी बाकं, आणि पाण्यात हात घालायचा तिचा हट्ट. बेटावर उतरलं की सायकल भाड्याने घ्यायची आणि तिला मागे बसवायचं. मागून प्रश्न सुरू व्हायचे. हे झाड कुठलं, तो पक्षी कुठला, दगड लाल का. निम्म्या गोष्टी मला येत नसत. पण तसं कबूल करायची सवय मला घरी नव्हती, ऑफिसात तर नव्हतीच. मी काहीतरी सांगायचो आणि ती मानायची. इतक्या विश्वासाने माझं कुणी ऐकलेलं नाही, आधीही नाही आणि नंतरही नाही.

बेटावर एक खोल तळं आहे. भोवती उभे कडे, तळाशी हिरवं, स्तब्ध पाणी. कठड्याला धरून तिने विचारलं, हे काय आहे? मी साताऱ्याकडचा. आमच्याकडे डोंगर म्हणजे लाव्हारस, विहीर खणली तरी तोच काळा कातळ. मी बेधडक म्हटलं, "हा विझलेला ज्वालामुखी. तोंडात पाणी साठलंय."

"परत पेटेल?"

"नाही गं. झोपलाय."

परतताना ती कुजबुजत बोलत होती. वाटेत उचललेला एक करडा दगड तिने मुठीत घट्ट धरला होता.

तो दगड घेऊन ती शाळेत वर्गासमोर बोलायला उभी राहिली. तिची टीचर तरुण होती. तिने समजावलं की हा ग्रॅनाइट आहे, तिथे ज्वालामुखी नव्हता, दगडाची खाण होती. मुलगी ऐकेना. "माझा बाबा इंजिनिअर आहे," म्हणाली. वर्ग हसला. ती रडत घरी आली.

ती अंघोळीला गेल्यावर मी फोनवर शोधलं. टीचरचं बरोबर होतं. तो दगड जमिनीच्या पोटातच थंड झालेला, आणि तो खड्डा माणसांनी सुरुंग लावून केलेला. पुढे त्यात पाणी साठलं. हे सगळं वाचून मी लॅपटॉप उघडला आणि शाळेला ईमेल लिहिला. त्यात ज्वालामुखीचं नाव नव्हतं. लहान मुलीचा वर्गासमोर अपमान झाला, तिचा आत्मविश्वास खचला, असं होतं. अशी वाक्यं लिहायचा मला ऑफिसात चांगला सराव झालेला आहे. प्रिन्सिपललाही प्रत पाठवली. दोन दिवसांनी टीचरने वर्गासमोर तिला सॉरी म्हटलं. मुलगी उड्या मारत आली, "बाबा, वुई वॉन!" त्या संध्याकाळी मी तिला आइस्क्रीम खायला नेलं.

आता ती एकोणीस वर्षांची आहे. पुढच्या महिन्यात शिकायला मेलबर्नला जाईल. गेल्या रविवारी मीच म्हटलं, उबिनला जाऊ. तिने स्वतःची सायकल घेतली. तळ्याच्या कठड्याशी उभे राहिलो तेव्हा मी म्हणालो, "एक सांगायचंय. हा ज्वालामुखी नाही."

ती हसली. "आय नो, बाबा. तेरा वर्षांची होते तेव्हाच, सेकंडरी वनमध्ये कळलं. सगळ्या सिंगापूरला माहितीये, लाह," ती इथल्या लकबीत म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"कशाला? तू सेकंडरीच्या टीचरबद्दलही ईमेल लिहिला असतास."

मीही हसलो. मग तिने सहज सांगितलं की त्याच वर्षी, टीचर्स डेला जुनी मुलं आपापल्या शाळेत जातात तशी, ती प्रायमरीत गेली होती आणि त्या टीचरना सॉरी म्हणून आली होती.

"काय म्हणालीस त्यांना?"

"हेच, की माझ्या बाबाला माहीत नव्हतं."

मी गप्प राहू शकलो असतो. ती महिन्याभरात जाणारच होती, आणि तिच्या मनात मी फक्त अडाणी होतो, जे बरंच बरं होतं.

"माहीत होतं," मी म्हणालो. "ईमेल लिहायच्या आधी मी वाचलं होतं."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "मग का लिहिलास?"

"वाटलं, चूक कबूल केली तर तू मला परत काही विचारणार नाहीस."

"आणि टीचर?"

ती सायकलवर बसून पुढे निघाली. एरवी चढावर माझ्यासाठी थांबते, त्या दिवशी थांबली नाही.

बोटीत ती समोरच्या बाकावर बसली. चांगीचा धक्का दिसू लागला तेव्हा म्हणाली, "त्या अजून त्याच शाळेत आहेत."

मी तिथेच फोनवरून ऑफिसात बुधवारची अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि फोन तिच्यापुढे धरला. तिने वाचलं.

"मी येणार नाहीये बरोबर," ती म्हणाली. "तू एकटा जा."