सत्कार करून काढलेल्या बाई

माणसाला कामावरून काढायचं आणि वर त्याचाच सत्कार करायचा, हे आमच्या मुळशीतल्या संग्रहालयाच्या समितीला फार छान जमतं. त्या सत्काराचं सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. माझ्याशिवाय तालुक्यातला माइक सुरू होत नाही, असं मीच सगळ्यांना सांगत फिरतो.

बाई तिथल्या संचालक. त्यांचा गुन्हा एवढाच, की त्यांनी सगळ्यात मोठं दालन माले गावच्या एका चित्रकाराला दिलं. त्यानं चित्र एकही लावलं नाही. भातखाचरातला, चिखलणी केलेला मऊ चिखल दालनभर पसरला. चपला काढायच्या, चिखलातून पलीकडे जायचं. मागे उमटतील ती पावलं म्हणजे कलाकृती. नाक मुरडत आत गेलेला मी बराच वेळ बाहेरच आलो नाही.

समितीचे अध्यक्ष दारातच खवळले. "मॅडम, ह्यो चिखल आमच्या शेतात फुकट हाय. त्येला तिकीट कशापायी?"

बाईंनी तोंड उघडायच्या आत चिखलात उभी असलेली एक आजी म्हणाली, "आरं, तुजं शेत कुटं ऱ्हायलं? खाचरावर रिसॉट बांधलंस की!"

सगळे हसले. तो हशा बाईंना भोवला. चिखल काढा, नाहीतर पद सोडा, असं समितीनं सुनावलं. बाई म्हणाल्या, "मी त्याला दिवाळीपर्यंत जागा दिलीय. शब्द फिरवणार नाही."

सत्काराला समितीनं माझ्या हातात कागद दिला: 'स्वेच्छेने निवृत्त'. माझं डोकंच सणकलं. मी माइकवर म्हणालो, "मंडळी, बाईंना काढलंय. टाळ्या वाजवायच्या का, तुमचं तुम्ही बघा."

एक टाळी पडली नाही. तरी त्या निलाजऱ्या अध्यक्षांनी फोटोग्राफरकडे बघत बाईंना शाल पांघरवलीच. बाईंनी ती उतरवली, घडी घातली आणि त्यांच्याच हातात दिली. "दालन तेवढं दिवाळीपर्यंत राहू द्या."

कसलं राहू देतात! आठवड्यात तिथं चकचकीत फरशी बसली. वर फायबरची बैलजोडी, सेल्फीसाठी. शेतावर रिसॉर्ट बांधणाऱ्यांनी शेताची आठवण म्हणून ठेवलेली! अजून अंगाचा तिळपापड होतो.

या नव्या दालनाच्या उद्घाटनाच्या आदल्या दिवशी अध्यक्षांचा फोन. "भाऊ, झालं गेलं सोडा. तुमच्यासारखा आवाज न्हाई तालुक्यात."

"घसा बसलाय," मी इतक्या खणखणीत आवाजात सांगितलं, की शेजारी खिडकीत आले.