किती राहिलं?

आमच्या ऑफिसात "काम किती झालं?" असं कुणी कुणाला विचारत नसे. "किती राहिलं?" असंच विचारायचं. ही पद्धत मॅडमनी पाडलेली. नव्या माणसाला ती पहिले काही दिवस खवचट वाटायची. मलाही वाटली होती. डिलाईल रोडच्या चाळीत वाढल्यामुळे खवचटपणा मला लांबून ओळखता येतो असा माझा दावा होता. पण यात तसलं काही नाही, हे कळायला मला बरेच महिने लागले.

ऑफिस दादरला, साड्यांच्या दुकानाच्या वर दुसऱ्या मजल्यावर. आम्ही सलाइनवर नजर ठेवणारं यंत्र बनवत होतो. वॉर्डातल्या प्रत्येक खाटेशी, बाटली टांगायला, वजन मोजणारा एक हूक. सिस्टरच्या टेबलावर एक पडदा. कुठल्या खाटेची बाटली संपत आली ते त्यावर दिसायचं आणि घंटी वाजायची. पडद्यामागे तळहाताएवढा कॉम्प्युटर. त्याच्या सगळ्यात आतला भाग, ज्याला कर्नेल म्हणतात आणि ज्याच्या जिवावर बाकीचं सगळं चालतं, त्यातलं हुकांचं काम माझ्याकडे होतं. बाहेरचा, आकडे दाखवणारा प्रोग्रॅम माझ्या एका मित्राकडे. तो लालबागचा, घरी अस्सल मालवणी. मला "गो" म्हणायचा आणि डब्यातला बांगडा अर्धा माझ्या डब्यात टाकायचा. आम्हा दोघांच्या वर मॅडम.

मॅडम गिरगावातल्या, साठीला आलेल्या. दोन बोटांनी टाइप करायच्या. पण कोड कागदावर छापून, फूटपट्टी धरून ओळ न् ओळ वाचायच्या, आणि त्या फूटपट्टीखालून चूक सुटलेली मी पाहिली नाही. मशीन मध्येच बंद पडलं की आम्ही कपाळाला हात लावायचो. मॅडम खुर्ची ओढून म्हणायच्या, "पडलं? छान. कुठे पडलं ते बघू." एवढ्या उत्साहाने मशीन पडण्याकडे बघणारी बाई मला पुन्हा भेटलेली नाही.

मी लागले त्याच आठवड्यात त्यांनी मला शिकवलेली गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. बाहेरचा प्रोग्रॅम कर्नेलला काही द्यायचं असेल तर वस्तू हातात देत नाही, पत्ता देतो. मेमरीत अमुक ठिकाणी माझी माहिती ठेवलीय, तिथून उचल. आता हा पत्ता खोटा असू शकतो. जुना असू शकतो. तिथली मेमरी प्रोग्रॅमने कधीच परत करून टाकलेली असू शकते. कर्नेलने तिथे आंधळेपणाने हात घातला आणि तिथे काहीच नसलं, तर अख्खं मशीन खलास.

"मग आधी जाऊन बघायचं तिथे काही आहे का," मी म्हटलं होतं. शहाणी होते ना.

"आणि तू बघून येईस्तोवर त्याने उचलून नेलं तर?" मॅडम म्हणाल्या. "बघून येणं आणि उचलणं, यात वेळ जातो. तेवढ्यात जग बदलतं."

मग त्यांनी पाठकोऱ्या कागदावर काढून दाखवलं. कर्नेलमध्ये कॉपी करणारं एक खास फंक्शन असतं. ते आधी जाऊन बघत बसत नाही, सरळ उचलायला लागतं. मात्र कोडमधल्या ज्या ज्या सूचनेवर ठेच लागू शकते त्यांची यादी एका तक्त्यात आधीच लिहून ठेवलेली असते, आणि प्रत्येकीसमोर लिहिलेलं असतं, इथे ठेच लागली तर तिथे जा. ठेच लागली की प्रोसेसर थांबतो. मेमरीचं ते पान नुसतंच बाजूला ठेवलेलं असेल तर कर्नेल ते आणून देतो आणि काम तिथूनच पुढे सुरू होतं. पान नसेलच, तर कर्नेल तक्ता बघतो. सूचना तक्त्यात सापडली, तर ठरलेल्या जागी जाऊन बाहेरच्याला शांतपणे सांगतो, बाबा, तुझा पत्ता चुकीचा आहे. मशीन चालू राहतं. सूचना तक्त्यात नसली, तर मात्र ती कर्नेलची स्वतःची चूक, आणि तिला माफी नाही.

मला हे इतकं आवडलं की मी तो कागद घरी घेऊन गेले. कुणीतरी बसून आधीच कबूल केलं होतं की आपण इथे, इथे आणि इथे अडखळणार आहोत, आणि त्याची सोय करून ठेवली होती. माझ्या ओळखीच्या फार थोड्या माणसांना हे जमतं.

आणि ते फंक्शन काम संपल्यावर परत काय सांगतं? किती बाइट उचलले हे नाही. किती राहिले. सगळे उचलले असतील तर शून्य. तिथूनच मॅडमचा प्रश्न आलेला. "झालेलं सांगायला सगळ्यांनाच आवडतं," त्या म्हणायच्या, "राहिलेलं विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही." माझी आई चाळीतल्या जयंतीच्या जेवणाला पंगतीत हेच करायची. वाढप्यांना किती पानं उठली हे ती विचारत नसे, कोण जेवायचं राहिलंय तेवढं विचारायची. मॅडम आणि आई कधी भेटल्या नाहीत. भेटायला हव्या होत्या.

आता माझा पराक्रम. मॅडमनी फूटपट्टी लावून माझा कोड पास केला, त्यानंतर मी त्यात एक बदल केला. कॉपीचं ते खास फंक्शन काढलं. पत्ता बाहेरच्या प्रोग्रॅमच्याच मेमरीतला आहे ना एवढं तपासायचं आणि सरळ उचलायचं, असं लिहिलं. आमच्या त्या छोट्या कॉम्प्युटरवर हे चालून जायचं. वेळ वाचत होता तो पापणी लवायला लागतो त्याच्या हजाराव्या हिश्शाएवढा, आणि त्याची कुणालाच गरज नव्हती. पण वेगाचा आकडा सुंदर दिसत होता, आणि मला तो मिरवायचा होता. बदलाच्या नोंदीत मी लिहिलं, "किरकोळ सफाई." ते दोन शब्द आठवले की आजही माझे कान गरम होतात.

परळच्या एका हॉस्पिटलात एका वॉर्डात यंत्राची चाचणी सुरू झाली. मॅडम मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेल्या. मंगळवारी दुपारी पडदा गोठला. अकरा नंबरच्या खाटेची बाटली संपत आली होती आणि घंटी वाजली नाही. तिथल्या सिस्टरचा आमच्या यंत्रावर फारसा विश्वास नव्हता. त्या फेरी मारतच होत्या, त्यांनी बाटली वेळेवर बदलली. मग फोन करून म्हणाल्या, "तुमची मशीन झोपलीय. सावकाश या, आम्ही जाग्या आहोत." पेशंटला काही झालं नाही ते केवळ या अविश्वासामुळे, आणि त्या सिस्टरला माझा आजही सलाम आहे.

लॉग, म्हणजे मशीनने पडताना लिहून ठेवलेली नोंद, आला. त्यात ठळकपणे मित्राच्या प्रोग्रॅमचं नाव होतं, कारण मशीन पडलं तेव्हा तोच कर्नेलला काम सांगत होता. मित्र रात्रीपर्यंतसुद्धा थांबला नाही, त्याने तासाभरात स्वतःची चूक शोधली. परत केलेल्या मेमरीचा पत्ता त्याच्या प्रोग्रॅमने कर्नेलला पाठवला होता. मॅडमच्याही वरच्या साहेबांसमोर जाऊन म्हणाला, "माझ्यामुळे पडलं." त्याचं कंत्राट त्या शुक्रवारी संपत होतं. चाचणी नीट झाली की कायम करू, असा साहेबांचा शब्द होता. आता ते म्हणाले, "शुक्रवारी बघू." त्या बघूचा अर्थ ऑफिसातल्या पंख्यालाही कळला.

मी माझ्या जागेवर लॉग उघडला. ठेच लागलेली सूचना कुठली ते त्यात लिहिलेलंच असतं. ती माझी होती. तक्त्यात नसलेली, माझ्या किरकोळ सफाईतली. त्याचा पत्ता चुकीचा होता हे खरंच. पण चुकीचे पत्ते येणारच, हे तर मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. खास फंक्शन जागेवर असतं तर त्याला नुसता नकार मिळाला असता आणि पडदा चालू राहिला असता.

मी बोलले नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही, गुरुवारी नाही. मूग गिळून बसणं म्हणजे काय ते मला त्या तीन दिवसांत कळलं, मूग फुगतात. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली जात होती आणि चोर शेजारच्या टेबलावर बसून चहा पीत होता. मित्र जेवायच्या सुट्टीत डबा घेऊन आमच्यात आला नाही. जागेवरच बसून राहायचा. मी स्वतःला समजावत होते की मॅडम आल्या की बघतील.

शुक्रवारी मॅडम आल्या, काळा चष्मा लावून. अकराला मीटिंग. साहेब, मित्र, मी आणि त्या. साहेबांनी सुरुवात केली, "तर यांच्या प्रोग्रॅममुळे..." आणि मित्राने मान खाली घातली. ती मान बघितली आणि माझ्याच्याने राहवलं नाही.

"साहेब, मशीन माझ्यामुळे पडलं," मी म्हटलं. "कॉपी मी चुकीच्या पद्धतीने केली होती. त्याचा पत्ता चुकला तरी मशीन पडायला नको होतं."

साहेब माझ्याकडे बघत राहिले. मित्राने मान वर केली. मला वाटलं, सुटले. छातीवरचं ओझं उतरलं, थोडीशी शाबासकीही मनात मीच मला देऊन टाकली. मॅडमनी चष्मा काढला. एक डोळा अजून लाल होता.

"किती राहिलं?" त्या म्हणाल्या.

रोजच्याच आवाजात. मला "काही नाही" म्हणता आलं असतं. त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं, आणि समोरचा लॉगचा कागद छापून आणला तसाच होता, त्यावर पेनाची एकही रेघ नाही. पण त्या वाट बघत होत्या. खोटं बोलणाऱ्याकडे बघावं तसं बघत नव्हत्या. काम अर्धं झालेल्या माणसाकडे बघत होत्या.

"तुम्ही पास केलेला कोड बरोबर होता," मी म्हटलं. "नंतर मी बदलला. नोंदीत किरकोळ सफाई लिहिलं."

"आणि?"

"आणि हे मला मंगळवारीच कळलं होतं."

खाली साडीच्या दुकानात कुणीतरी भाव करत होतं ते ऐकू येत होतं.

"अजून?"

"नाही. संपलं."

"शून्य," मॅडम म्हणाल्या आणि साहेबांकडे वळल्या. "पास झालेल्या कोडवर माझ्या नकळत बदल करता येतो, ही सोय मीच ठेवली होती. ती आज बंद करते. हिची चूक हिने सांगितली, याची याने मंगळवारीच सांगितली. असली माणसं मला दोन्ही हवीत. याचा कागद आत्ता करा, माझ्यासमोर." एवढं बोलून त्या डोळ्यात थेंब घालायला उठल्या. साहेबांनी कागद मागवला.

मी त्या बाईंपुढे तेव्हा मनातल्या मनात लोटांगण घातलं. पुढे अनेक हुशार माणसं भेटली. दुसऱ्याला पडू देऊनही मोडू न देणारं माणूस तेवढं एकच.

मीटिंगनंतर जिन्यात मित्र भेटला. हातात कायम झाल्याचा कागद. मला वाटलं, हसेल. किंवा चिडेल, तेही चाललं असतं.

"मंगळवारपासून?" त्याने विचारलं.

मी मान हलवली.

"मंगळवारपासून माका जेवाण गोड लागूक नाय गो," तो म्हणाला, आणि माझ्या बाजूने खाली उतरून गेला.

मॅडमना मी संपलं म्हणून सांगितलं होतं. हे राहिलं होतं.