तीन टोपल्यांचं स्वप्न

तर कुठं होतो आपण? हां, पाववाला दुपारी भट्टीशेजारच्या बाकावर लवंडला होता, तो किंचाळूनच उठला. स्वप्नात त्याच्या डोक्यावर पावाच्या तीन टोपल्या, आणि वरच्या टोपलीतले पाव पाखरं टोचून खात होती.

दुसरा कुणी असता तर चहा पिऊन विसरला असता. पण हा गडी पीठ मळताना बायबल मोठ्यानं म्हणायचा. पाव बसला तरी चालेल, वचन चुकता कामा नये! त्यातच तर आहे, राजाच्या पाव भाजणाऱ्याला तुरुंगात हेच स्वप्न पडलं आणि सोबतच्या योसेफ नावाच्या कैद्यानं त्याचा अर्थ सांगितला: तीन टोपल्या म्हणजे तीन दिवस, तिसऱ्या दिवशी राजा तुझं शिर उडवून तुला झाडाला टांगेल. टांगलाही! आणि आपल्या पाववाल्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नेमकं तिसऱ्या दिवशी. झालं, अडून बसला.

बायको करवादली, "अहो, परवा भट्टीभर पावाचा कोळसा केलात! भाजला की जळला, ते नाकानं ओळखता. आणखी थांबलात तर दुकानाला कुलूप."

"डोळ्यापायी मान देऊ होय?"

"डॉक्टर डोळा कापणार आहे, मान नाही!"

शेवटी ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तिनं चर्चच्या पाळकसाहेबांना बोलावलं. पाववाल्याला वाटलं, चला, एकदाचा योसेफ भेटला. साहेबांनी सगळं ऐकलं, चहात पाव बुडवला आणि म्हणाले, "जेवण जड झालं असेल. देवाचं बोलणं वेगळं असतं."

पाववाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आणि शिंपीणबाईच्या स्वप्नात देवदूत आला, तेव्हा? तिला भर उपासनेत उभं करून, देव आपल्याशी बोलला अशी साक्ष द्यायला लावलीत! ती काय उपाशी झोपली होती? गोड स्वप्न देवाचं आणि कडू स्वप्न पोटाचं, हा कुठला न्याय? त्या फारो राजाला स्वप्नात दुष्काळ दिसला, तो काय अजीर्णानं?"

 साहेबांच्या हातातला पाव विरघळून कपात पडला, तरी त्यांना पत्ता नाही. बायको मात्र दवाखान्याची पिशवी भरायला लागली होती. "तुमचं आणि देवाचं भांडण मागाहून मिटवा. येताय की नाही, तेवढं बोला."

पाववाला दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिला. दोघंही त्याला धुरकटच दिसत होते. मग पीठ झटकावं तसे हात झटकून तो म्हणाला, "येतो. पण पाळकसाहेब, जगलो तर रविवारी मलाही साक्षीला उभं करायचं. देव माझ्याशी चकार शब्द बोलला नाही, हे मला सगळ्यांदेखत सांगायचंय."