नाकवाली, चपटी आणि दोन जादा पाटे

पिकअप गाड्यांबद्दल मला जे काही कळतं, ते सगळं पुसदच्या बसची वाट पाहताना कळलेलं आहे. मी पुसदला एका शाळेत शिकवते आणि राहते आमच्या तांड्यावर. तांड्याच्या फाट्यावर चहाची टपरी आहे. बस वेळेवर येत नाही. त्यामुळे माझं शिक्षण नियमित होत गेलं.

फाट्यावर दोन पंथ आहेत. ज्या पिकअपला पुढे बोनेट असतं ती नाकवाली. जिचं तोंड सपाट आणि इंजिन ड्रायव्हरच्या बुडाखाली, ती चपटी. कंपन्यांची नावं कुणी घेत नाही, मीही घेत नाही. जाहिरात करायला त्यांनी पगारी माणसं ठेवलेली आहेत.

नाकवाल्यांचं म्हणणं असं की घाट चढताना त्यांची गाडी कधी श्वास सोडत नाही आणि विकायला काढली तर गिऱ्हाईक दारात उभं राहतं. चपट्यांचं म्हणणं असं की त्यांची गाडी बैलगाडीच्या वाटेवरूनही वळते, आणि डिझेल पिते ते चव घेण्यापुरतं.

"चपटीले टक्कर लागली तं आधी ड्रायव्हर जाते," नाकवाला म्हणायचा.

"तुह्या नाकाले जागा द्याच्या पायी आर्धं पोतं कमी बसते, ते पाह्य ना बे," चपटीवाला म्हणायचा.

वाद घालणाऱ्यांपैकी निम्म्यांकडे मोटारसायकल होती. घरी आम्ही गोरबोली, म्हणजे बंजारा बोली, बोलतो, पण गाडीवरून भांडायचं तर सगळे वऱ्हाडीत येतात, आणि फारच चिडले की हिंदीत. इंजिनाची इज्जत बहुधा हिंदीतच नीट राखता येते.

आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत. हे आम्हाला कुणी विसरू देत नाही. सत्काराला आलेले पाहुणे 'तुमच्या रक्तातच वाहतूक आहे' असं सांगतात आणि आपल्या गाडीत बसून निघून जातात. रक्ताचं मला ठाऊक नाही. वाहतूक जिभेत आहे, एवढं मी रोज ऐकते. त्या काळीही मुक्कामाच्या जागी पांढऱ्या बैलाची बाजू घेणारे आणि तांबड्याची घेणारे असेच बसत असतील, आणि बैल बाजूला निवांत चरत असतील.

माझा धाकटा भाऊ बरीच वर्षं दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. नागपूर-हैदराबाद हायवेवर त्याचा जन्म चालला होता. पांढरकवड्याला ट्रक थांबला की तिथून फोन करायचा, आणि तो फोन हीच त्याची घरातली हजेरी. आमची याडी, म्हणजे आई, त्याचं ताट झाकून ठेवायची नाही, पण पोळ्या मात्र त्याला धरून करायची. उरलेल्या दुसऱ्या दिवशी आम्ही खायचो.

शेवटी त्याने स्वतःची पिकअप घ्यायची ठरवलं. भावजयीची एकच अट होती. ती तिने सगळ्यांसमोर सांगितली. "गाडी बारा महिने चालली पायजे. कापूस सरला की निंबाखाली उभी राह्यली, तं तुमी पुन्हा हायवेवर जासान. मंग कायले घ्याची?"

भावाने चपटी घेतली. का घेतली, हे विचारल्यावर त्याने मला चार कारणं सांगितली. खरं कारण पाचवं होतं. समोरच्या घरच्या माणसाकडे नाकवाली होती. तो नात्याने लांबचा, वयाने मोठा, भाऊ त्याला दादा म्हणतो. लहानपणापासून दादाने जे केलं त्याच्या उलट करायचं, हा आमच्या घरचा अलिखित नियम आहे.

शोरूममध्ये गाडी ताब्यात घेताना गाडीला हार, भावाला फेटा, याडीच्या हातात पुठ्ठ्याची दाराएवढी किल्ली आणि बोनेट नसल्यामुळे केक ठेवायला टेबल. कर्मचाऱ्यांनी ओळीने उभं राहून टाळ्या वाजवल्या. मला नोकरी लागली तेव्हा एवढ्या टाळ्या वाजल्या नव्हत्या. याडीने किल्ली उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "ह्या किल्लीनं लागते काय गाडी?"

आता या भागातली एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. नवीन पिकअप शोरूममधून निघते ती घरी येत नाही, आधी कमानवाल्या मिस्त्रीकडे जाते. मागच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांची चवड असते, ती कमान, आणि तिच्यातल्या पट्ट्या म्हणजे पाटे. गाडीचं ओझं त्यांच्यावर तोललं जातं. कंपनीने हिशेब करून जेवढे पाटे दिलेले असतात, त्यात मिस्त्री आणखी दोन घालतो. कापसाचा डोंगर भरला तरी गाडी मागून बसायला नको, म्हणून. बसलेली गाडी म्हणजे फाट्यावर मानहानी. जादा पाट्यांची रिकामी गाडी मागून उचललेली दिसते, आणि तशीच ती टपरीसमोर उभी करायची असते. म्हणजे कोणती कंपनी चांगली यावर लोक वर्षानुवर्षं भांडतात, आणि कंपनीने बनवली तशी गाडी एकाकडेही नसते.

भावानेही दोन पाटे घातले. कापसाच्या हंगामात गाडी छान चालली. पण तूर आणि हरभरा उरकला आणि ती निंबाखाली उभी राहू लागली. भावजय अंगण झाडताना गाडीच्या चाकांभोवती गोल झाडायची, एवढंच. एकदा हायवेवरच्या जुन्या मालकाचा फोन आला. भाऊ बोलत बोलत घराच्या मागे गेला.

मृगाच्या सुमारास काम आलं. पुसदजवळ एका काकूंची नर्सरी आहे. मिरची, वांगी, टोमॅटोची रोपं प्लास्टिकच्या ट्रेमध्ये वाढवतात आणि जिल्हाभर पोचवतात. त्यांना पावसाळाभर एक कायमची गाडी हवी होती. आधी जवळच्या एका गावाची खेप करून दाखव, म्हणाल्या. ट्रे धरायला भावजय मागे बसून गेली.

ती परत आली तेव्हा तिच्या केसांत ट्रेमधला नारळाचा भुसा होता आणि ती कमरेवर हात ठेवून चालत होती. ट्रेचं वजन ते केवढंसं! त्या कडक पाट्यांना आपल्यावर काही ठेवलंय याचा पत्ताच नव्हता. प्रत्येक खड्ड्यात गाडी उडत होती, आणि गाडीपेक्षा रोपं जास्त उडत होती. ट्रेचे अर्धे खळगे रिकामे झाले. मिरचीची रोपं ट्रेच्या बाहेर एकमेकांवर निजली होती.

काकू रागावल्या नाहीत. ते जास्त वाईट होतं. त्या म्हणाल्या, "हे बघ, परवा पांढरकवड्याकडची खेप आहे, मिरचीची. ती उभी पोचली, तर पावसाळा तुझा. नाही तर मी दुसरी गाडी सांगते. मला राग नाही, पण माझा माल जिवंत आहे."

रात्री जेवताना भावाने आधी रस्त्याला दोष दिला, मग ट्रेला, मग ज्यांनी ट्रेमध्ये रोपं लावायची पद्धत काढली त्यांना.

भावजय म्हणाली, "दोन पाटे काढा."

"येडी झाली काय? फाट्यावर तोंड कसं दाखवू? म्हंतीन, चपटीनं हात टेकले."

"माही कंबर काय म्हंते ते आयका आधी."

"बाई, तू सांग हिले," भाऊ माझ्याकडे वळला. आमच्यात मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. "एवढी पुस्तकं वाचतं. पाटे काढणं म्हंजे कंपनीची बेइज्जती नाई काय?"

मी म्हटलं, "कंपनीनं दिले तेवढेच ठेवले तर कंपनीची बेइज्जती कशी होईल?"

यावर त्याने आणखी एक पोळी घेतली. हरलेला माणूस आमच्याकडे जेवण वाढवतो.

भावजयीने वाटी उचलता उचलता शेवटचं सांगितलं. "फाट्यावर तोंड दाखवाचं का हायवेवर जाचं, ते ठरवा. दोन्ही होत नाई."

सकाळी त्याने मला शाळेत सोडायचं निमित्त काढलं. शाळेला सुट्टी होती, हे त्याला माहीत होतं. फाट्यावर गाडी न थांबवता तो पुसदच्या उलट, थेट दिग्रसकडे निघाला. ओळखीचा मिस्त्री पुसदला होता. दिग्रसला कुणी ओळखत नाही, असा हिशेब.

कमानवाल्याच्या शेडमध्ये पहिल्याच बाकावर दादा बसले होते. हातात पोह्यांची प्लेट. त्यांची नाकवाली जॅकवर चढलेली.

"अरे! तू काहून इकडे?"

"तुमी काहून?" भाऊ म्हणाला.

"मी तं तिसरा पाटा टाकून राह्यलो. तू?"

भाऊ आपल्या गाडीकडे वळला. मिस्त्रीने गाडीखाली पाहत मोठ्याने विचारलं, "काय काम हाये, भाऊ?" आता बोलल्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"दोन काढाचे हायेत."

दादांचा चमचा पोह्यांवरच थांबला. "काढाचे? लोक घालाले येतेत बावा, काढाले कोनी येत नाई. चपटीले झेपले नाईत वाटते पाटे!"

"मिरची न्याची हाये. रोपं."

"रोपं?" दादा मनापासून हसले. "बाई, तुमच्या भावाले सांगा, रोपं न्याले डोक्यावरची डालकी पुरते. गाडी कायले घेतली?"

मला त्यांना उत्तर द्यायचं होतं. शिकलेली माणसं अशा वेळी काहीतरी टोकदार बोलतात असा समज आहे. मला एवढंच सुचलं, "दादा, पोहे थंड होतात."

मिस्त्रीने पाटे काढले आणि गाडी खाली सोडली. ती मागून खाली आली, सगळ्या गाड्या कारखान्यातून येतात तशी सपाट. भावाने तिच्याकडे पाहिलं नाही. काढलेले पाटे मात्र गोणपाटात गुंडाळून त्याने सीटमागे नीट ठेवले.

दुसऱ्या दिवशी पहाटे काकूंना पाटे काढल्याचं सांगून आम्ही मिरची भरली. मीही निघाले, कारण मला सुट्टी होती आणि भावजयीची कंबर अजून धरलेली होती. फाट्यावरून जाताना टपरीवर आधीच बातमी पोचली होती.

"काय बे, गाडी लंगडून राह्यली काय?" एका नाकवाल्याने विचारलं.

"लंगडत नाई, लवून नमस्कार करते!" दुसरा म्हणाला.

चपटीवाल्यांना जास्त वाईट वाटलं होतं. त्यांच्यातला एक मोटारसायकलवाला खिडकीशी येऊन हळूच म्हणाला, "भाऊ, आमाले इचारलं तं असतं." भावाने गाडी पुढे काढली. त्याचे कान लाल होते, पण खड्डा आला तेव्हा आम्ही दोघांनीही आपोआप मागे पाहिलं. ट्रे डुलले. उडाले नाहीत.

आर्णी, घाटंजी. पुढे जंगल लागलं आणि रस्ता अरुंद झाला. भाऊ ट्रकच्या दिवसांतल्या गोष्टी सांगत होता, पण दर दोन गोष्टींनंतर थांबून उतरायचा, ताडपत्री वर करून पाहायचा आणि परत बसायचा. पांढरकवड्याच्या अलीकडे एका पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीत, माल उतरवायचा होता. शेतकरी वयस्क, डोक्याला गमछा. त्याने पहिला ट्रे काढला, डोळ्यांसमोर धरला, मग दुसरा. रोपं उभी होती. कोपऱ्यातली दोन-चार तिरपी झाली होती, ती त्याने बोटाने सरळ केली आणि ट्रे बांधावर सावलीत मांडायला सुरुवात केली. भावाने खिशातून मोबाईल काढून मांडलेल्या ट्रेंचा फोटो काढला आणि काकूंना पाठवला. मग पुन्हा एकदा काढला, जवळून.

उतरवून झाल्यावर चहा आला. शेतकऱ्याने गाडीला एक फेरी मारली, चाकाला पायाने ठोकून पाहिलं. "माह्या पोराले घ्याची हाये. हे चपटी चांगली का नाकवाली?"

मी कप खाली ठेवला. हा प्रश्न भावाला विचारणं म्हणजे दुपार गेली. पण त्याने उलट विचारलं, "काय वाहाचं हाये, मामा?"

"बकऱ्या. अन् लाकूड, जमलं तं."

"चढ किती हायेत तुमच्याकडे?"

"चढच चढ हायेत."

"मंग नाकवाली घ्या."

इतकं सरळ वाक्य मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. त्याचं त्यालाही आश्चर्य वाटलं असावं, कारण लगेच माझ्याकडे वळून त्याने बजावलं, "बाई, हे तांड्यावर बोलू नको. दादाले तं मुळीच नाई." मग शेतकऱ्याला म्हणाला, "पन भाजीपाल्याचा धंदा काढला, तं मंग चपटीच. लिहून देतो." आणि पुढची पंधरा मिनिटं त्याने चपटीची बाजू अशी मांडली की शेतकऱ्याने बकऱ्या विकून टोमॅटो लावायचा विचार केला असेल.

निघताना काकूंचा फोन आला. त्याने स्पीकरवर लावला.

"फोटो पाहिले. उभी आहेत."

"हो, काकू."

"उद्या नेरची खेप आहे, वांग्याची. परवा इथलीच जवळची. रोज सकाळी येत जा आता, विचारू नको." मग म्हणाल्या, "आणि ते पाटे परत बसवणार असशील, तर मला आधी सांग."

भावाने सीटमागच्या गोणपाटाकडे पाहिलं, मग गाडीला चावी लावली.

"दिवाळीले कापूस निघेपर्यंत तं नाई, काकू," तो म्हणाला.