चौदा फुटांवरचं छत

साठच्या दशकात दुबईत मी एका अरबी व्यापाऱ्याकडे कारकून होतो. ते आपल्या म्हाताऱ्या आईसह राहायला नवं घर बांधत होते; तिला सगळे अम्मा म्हणत. गवंडी आमच्या रत्नागिरीकडचा. बुटका, बोलण्याआधी भिंतीवर तळवा टेकवणारा. काम लवकर उरकावं म्हणून मालकांना छत नऊ फुटांवर हवं होतं.

"चौदा," गवंडी म्हणाला. "नाहीतर दुसरा माणूस बघा."

त्याचं इथलं राहणंच मालकांच्या शब्दावर होतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्याने मालकांना आमच्या उंच गोदामात नेऊन शिडीवरून थेट छतापाशी चढवलं. ते घामाने निथळत उतरले.

"अरबाब, गरम हवा वर जाते," तो मोडक्या हिंदीत म्हणाला. "तिला वर जागा द्या. नाहीतर ती तुमच्या अम्माच्या उशाशी बसेल."

मालकांनी घाम पुसला. मग म्हणाले, "यल्ला, चला. चौदा."

पुढच्या उन्हाळ्यात त्या घरात म्हाताऱ्या अम्माला कित्येक वर्षांनी दुपारची गाढ झोप लागली. त्याच संध्याकाळी मालकांनी गवंड्याला जेवायला बोलावलं आणि पाहुण्यांच्या देखत आपल्या उजव्या हाताला बसवलं. तिथेच तीन व्यापाऱ्यांनी त्याला आपापली घरं बांधायला सांगितलं.

"बांधतो," तो म्हणाला. "पण उंची मी ठरवणार."

तिघांनीही माना डोलावल्या.