भरलेली मूठ

शिसं तापायला ठेवलं की आधी बराच वेळ काहीच होत नाही. लोखंडी पळीत सहा शिपाई आडवे पडलेले, खाली कोळसे लालभडक, आणि शिपाई आपले तसेच – लाल डगले, पांढरे पट्टे, खांद्याला बंदुका… मग एकाएकी रंगाला फोड येतात, करपल्या तेलाचा उग्र दर्प खोलीभर पसरतो, कुणाचा गुडघा खचतो, कुणाची मान बसते. चेहरे जातात, बंदुका जातात, आणि पळीत उरतं ते चकचकीत, जड, मंद हलणारं पाणी. त्या पाण्यातून एका शिपायाचा बूट बराच वेळ वर दिसत होता. मी आठ वर्षांची होते, आबांच्या पाठीशी उकिडवी बसून पाहत होते, आणि तो बूट बुडू नये असं मला फार वाटत होतं.

आबा म्हणजे माझे वडील. आमचं मूळ गाव पलूसच्या बाजूचं. तिथली जमीन तीन भावांना पुरण्यासारखी नव्हती. पहिल्या महायुद्धात आबा कोवळ्या वयात पलटणीच्या कारखान्यात बंदुकांचे लाकडी दस्ते दुरुस्त करायला शिकले होते. परत आल्यावर ते पाचगणीला येऊन राहिले आणि बंगल्यांमधली सुतारकामं करू लागले. बाजाराच्या खालच्या अंगाला पत्र्याच्या खोल्यांची एक रांग होती, तिच्यातली शेवटची खोली आमची. मी सांगते आहे तो काळ दुसऱ्या महायुद्धाचा, आणि महिने पाऊस ओसरत येतानाचे – जेव्हा भर दुपारीही धुकं उंबऱ्यापर्यंत येऊन बसे, निलगिरीचा ओला वास अंथरुणात शिरे आणि दोरीवरचं लुगडं तीन-तीन दिवस वाळत नसे.

गावाच्या डोक्यावर ते अफाट सपाट पठार – साहेबांचं टेबललँड. तिथे उघडीप मिळाली की साहेबलोक गोल्फ खेळत. एवढ्या मोठ्या माणसांनी एवढासा चेंडू हुडकत मैलभर फिरावं, याचं आमच्या रांगेतल्या बायकांना भारी हसू येई. त्या खेळाच्या काठ्या आबांकडे दुरुस्तीला येत. लाकडी लांब दांडा, टोकाला लोखंडाचं किंवा लाकडाचं बोंड, आणि धरायच्या जागी, म्हणजे मुठीला, चामड्याची पट्टी गुंडाळलेली. आमच्या खोलीत चामडं, राळ आणि रंध्याखाली निघालेल्या ताज्या छिलक्यांचा एक मिश्र सुवास कायम भरलेला असे. आजही कुठे नवी चप्पल हुंगली की मी क्षणभर तिथे जाऊन येते.

आबांच्या गिऱ्हाइकांत एक म्हातारा साहेब होता. फौजेतून निवृत्त झालेला, एकटा. त्याचा एकुलता मुलगा ब्रह्मदेशच्या लढाईत गेला, तशी तार आली, आणि तेव्हापासून म्हाताऱ्याचा उजवा हात थरथरू लागला. चेंडूवर काठी रोखली की काठीचं बोंड गवतात आपलं हलतंच आहे, हलतंच आहे… बाकीचे साहेब दुसरीकडे बघत. एक दिवस तो काठी घेऊन आमच्या दारात आला. आबांना पलटणीतलं हिंदी येत होतं आणि शिवाय एक गोष्ट ठाऊक होती – दस्त्यात शिसं भरून तो जड केला की बंदुकीची नळी डोलत नाही. तेच त्यांनी इथे करायचं ठरवलं. मुठीचं चामडं सोडायचं, दांड्याच्या त्या टोकात गिरमिटाने बोटभर खोल भोक पाडायचं, त्यात शिशाची कांडी ओतून ठोकायची, वरून लाकडी खुंटी आणि पुन्हा चामडं. वजन तळव्याखाली बसतं आणि पलीकडचं टोक शांत होतं. या कामाला आबा ‘मूठ भरणं’ म्हणत.

पण लढाईमुळे शिसं मिळेना. खिळासुद्धा मिळत नव्हता तिथे शिसं कुठलं. आबांनी तसं सांगितल्यावर साहेब परत गेला, आणि दुसऱ्या दिवशी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आला. डब्यात कापसावर सहा शिशाचे शिपाई होते. मुलाची खेळणी. आबा तो डबा मांडीवर घेऊन पुन्हा पुन्हा विचारत राहिले, हे खरंच वितळवू का, आणि साहेब दर वेळी मान डोलवत होता.

मूठ भरून झाल्यावर आबांनी मला पठारावर नेलं. साहेबाने काठी रोखली. बोंड हललं नाही. चेंडू धुक्यात सरळ निघून गेला, आणि तो कुठे पडला हे साहेबाने पाहिलंच नाही. तो मुठीकडे पाहत होता. मुलाचा हात धरून रस्ता ओलांडावा, तशी त्याने ती धरली होती. आबांनी मला खुणेने मागे ओढलं आणि आम्ही उतरून आलो.

आता माझं सांगते. शेजारच्या खोलीत शेवंता राहायची, माझ्याच वयाची, माळ्याची मुलगी. एका दुपारी आम्ही सिल्व्हर ओकखाली सागरगोटे खेळत होतो. तिने बापाच्या गुलाबांची फुशारकी मारली, आणि माझ्यासारख्या भांडकुदळ पोरीला ती सहन होणं शक्यच नव्हतं.

“आमचं आबा मूठ भरत्यात,” मी म्हणाले. “सायबाचा हात थांबवला त्यांनी.”

वर उडालेला सागरगोटा शेवंताने झेललाच नाही. आमच्या मुलखात मूठ या शब्दाला एक दुसरा अर्थ आहे, आणि तो आठ वर्षांच्या पोरींनाही ठाऊक असे. मंतरलेले उडीद मुठीत घ्यायचे, एकाचं नाव घ्यायचं आणि फेकायचे. तो माणूस मग कुठेही असो, झुरून जातो. आमच्या खोलीत त्या शब्दाला राळेचा वास होता म्हणून मला हा अर्थ सुचला नव्हता. तिच्या चेहऱ्यावर तो मला दिसला. त्याच क्षणी मी म्हणू शकले असते – अगं वेडे, काठीची मूठ! पण नाही म्हटलं. तिची ती भीती मला आवडली. मी आवाज खाली आणला आणि म्हणाले, “त्या मुठीत सा शिपाई हायत. आत बसून सगळं ऐकत्यात.”

चौथ्या दिवशी शेवंताला ताप भरला. तो उतरेना. भिंतीपलीकडून तिचं बरळणं ऐकू यायचं, आणि त्यात एकच शब्द असायचा – मूठ. आई भाकरी थापता थापता थांबायची. मग आमच्या दारावरून जाताना बाया पदर ओढून घेऊ लागल्या, पाण्यावर आई गेली की बोलणं थांबू लागलं, आणि कुणीतरी आमच्या उंबऱ्यासमोर बारीक राख पसरून ठेवली – पाऊल कुणाचं उमटतं ते पाहायला. सकाळी राखेत पाऊल होतं. लहानसं, बुटाचं. आमच्या रांगेत बूट कुणाच्याच पायात नव्हते. आईने ते झाडूने पुसून टाकलं.

शेवंताची आई, हौसाबाई, एका सकाळी आमच्या दारात आली. एरवी हक्काने विस्तव मागणारी बाई उंबऱ्याबाहेर बसली आणि तिने आबांच्या पायांकडे हात पुढे केले.

“आवं दादा, आमचं काय चुकलं असंल ते पोटात घाला,” ती म्हणाली. “मूठ परत घ्या. माझी पोर जातीया.”

आबांनी तिला नाना परीने समजावलं. चामडं दाखवलं, गिरमिट दाखवलं, काठी म्हणजे काय ते सांगितलं. ती सगळ्याला व्हय व्हय म्हणाली आणि शेवटी पुन्हा म्हणाली, मूठ परत घ्या. मी आतल्या कोपऱ्यात तांब्या पुसत होते, एकच तांब्या, किती वेळ कोण जाणे. आबांनी एकदा वळून माझ्याकडे पाहिलं. मग पायात वहाणा घालून ते साहेबाच्या बंगल्यावर गेले.

तिथे काय बोलणं झालं ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं. आबांनी एवढंच सांगितलं होतं, की खाली एक मूल मरतं आहे आणि त्याच्या आईला वाटतं की ते या काठीमुळे. साहेबाने मूल केवढं आहे ते विचारलं आणि काठी आणून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी रांग आमच्या अंगणात जमली. धुकं इतकं दाट, की पलीकडची माणसं नुसत्या उभ्या काळ्या आकृत्या झाल्या होत्या आणि कोण कोण आलं होतं हे आजही सांगता यायचं नाही. आबांनी गोणपाटावर बसून चामडं उलगडलं. दांड्याचं टोक पटाशीने उभं चिरलं. लाकूड फाटल्याचा आवाज झाला आणि शिशाची कांडी त्यांच्या तळहातावर पडली. बोटाएवढी. तिच्या एका अंगाला तो बूट तसाच होता, अर्धा आत, अर्धा बाहेर… तो बुडाला नव्हता.

आबांनी मूठ मिटली. हौसाबाईकडे पाहून म्हणाले, “घेतली परत. आता ती माझ्या घराबाहेर जायची न्हाई.”

सगळ्या आकृत्यांनी एकदम श्वास सोडला. आईला मात्र काय होऊन गेलं हे त्याच क्षणी कळलं होतं.

तिसऱ्या दिवशी शेवंताने भाकरी मागितली. दवाखान्यातल्या पुड्या तिला आठवडाभर चालू होत्या, पण त्या कुणाच्या खिजगणतीत नव्हत्या. पोर वाचली याचा अर्थ एकच होता – मूठ होती, आणि ती आबांची होती. एका शब्दाने त्यांनी त्या आईचा जीव थाऱ्यावर आणला आणि त्याच शब्दाने स्वतःला जन्माचं बांधून घेतलं. त्यानंतर आमच्या घरी कुणी पाणी प्यायलं नाही. शेवंता माझ्याशी पुन्हा खेळली नाही. दोघे-तिघे मात्र लपतछपत आले, आपल्या वैऱ्यांची नावं घेऊन. आबा त्यांना दार दाखवत आणि मग दिवसभर जेवत नसत.

आणि सगळे वाट पाहू लागले. परत घेतलेली मूठ धन्यावर उलटते, हे सर्वांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. मी जेवताना आबांच्या हाताकडे बघायची. त्यांचा घास तोंडात गेला की मगच मी माझा उचलायची. साहेब खेळायला येईनासा झाला. आबांनी परत नेऊन दिलेली ती चिरलेली काठी टेकत तो पठारावर फिरे, आणि धुक्यातून खाली नुसता आवाज येई – टक… टक… माणूस कधी दिसत नसे. पुढे तो बंगला सोडून विलायतेला गेला. आवाज त्यानंतरही येत होता. आई म्हणायची, खडी फोडतात. मी तिला कधी विचारलं नाही, की एवढ्या धुक्यात कोण खडी फोडतं.

पुढच्या चैत्रात आबांच्या हातून पाण्याची बादली सुटली. मनगट लोंबलं, ते पुन्हा नीट उचललंच नाही. बोटं थरथरत राहिली. आम्ही पाचगणी सोडून गावी आलो, तर आमच्याआधी ती गोष्ट येऊन बसली होती. मिरजेच्या एका डॉक्टरने किती तरी वर्षांनी हात पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, शिशाचं काम केलंत का? आधी पलटणीच्या कारखान्यात, मग कोंदट खोलीत शिशाची वाफ, हाताला शिशाची भुकटी, तेच अंगात भिनलं, असं तो म्हणाला. घरी येताना आबा गाडीत लहान मुलासारखे हसत होते. हे सगळ्यांना सांगायचं असं त्यांनी ठरवलं होतं. पण ऐकणार कोण? हौसाबाई तिकडे पाचगणीत राहिली, आणि गावातले लोक मान डोलवून दोन पावलं मागे सरत.

आबांच्या शेवटच्या दिवसांत मी त्यांना सांगितलं, की तो शब्द बाहेर नेला तो मी.

“ठावं हाय मला,” ते म्हणाले. “बापाचं कवतिक लेकीनं न्हाई सांगायचं तर कुणी सांगायचं?”

शेवंताची भीती मला आवडली होती, हे मात्र त्यांना सांगायचं धाडस झालं नाही. ते आज इथे लिहिते आहे.

कांडी माझ्याकडे आहे. घराबाहेर जायची नाही असा आबांचा शब्द होता, म्हणून सांगलीच्या या फ्लॅटमध्येही ती माझ्याबरोबर आली. आता माझाही हात थरथरतो. वय झालं, असं म्हणतात. मी तर कधी शिसं वितळवलं नाही. लिहायला बसले की ती कांडी रुमालात गुंडाळून तळव्याखाली धरते, बूट आतल्या बाजूला, आणि हात थांबतो – कुणी धरून ठेवल्यासारखा.

परवा माझी नात जमिनीवर बसून बॅडमिंटनच्या रॅकेटला नवी पट्टी गुंडाळत होती. सहज विचारलं तिने, तुझे बाबा काय करायचे गं? आजवर कुणी विचारलं की मी सुतारकाम म्हणत आले होते. त्या दिवशी कांडी हातात होती, आणि सिल्व्हर ओकखाली म्हटलं होतं ते वाक्य सत्तर वर्षांनी पुन्हा माझ्या तोंडून निघालं. “मूठ भरायचे,” मी म्हटलं, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

तिने दातांनी पट्टी तोडली. “मूठ म्हणजे ग्रिप ना, आजी?”

“हो,” मी म्हटलं, “ग्रिप.”

हे ऐकायला आबा हवे होते.