देविदासरावांचे धन्यवाद

"मॅडम, खरं सांगा, ह्या मानसाचे किती दिवस राह्यले?"

पार्वतीबाईंनी दारातूनच विचारलं. मागून त्यांच्या थोरल्या भावानं त्यांच्या नवऱ्याला, देविदासरावांना, हाताला धरून आत आणलं. देविदासराव रिठदचे शेतकरी, अंगानं धडधाकट. गेल्या आठवड्यात एकटेच आले होते. झोप लागत नाही, सारखी चिडचिड होते, ही तक्रार.

मी तालुक्याच्या दवाखान्यात काउन्सेलर आहे. गोळ्या देत नाही. बोलते आणि सवयी बदलायला सांगते. मनाला उणं शोधायची खोड असते. दिवसभरात चांगलं काय घडलं ते मुद्दाम शोधून बोलून दाखवलं, की ती खोड सैल पडते, असं संशोधन सांगतं. आमच्याकडे याला ग्रॅटिट्यूड एक्सरसाइज म्हणतात. देविदासरावांना मी सोपं करून सांगितलं होतं, "घरच्यांनी तुमच्यासाठी काही केलं, की धन्यवाद म्हणा."

त्यांनी ते मनावर घेतलं.

"भाजी खारट झाली त ताट सरकवनारा मानूस," पार्वतीबाई सांगू लागल्या. "त्या दिवशी सारी भाजी खाल्ली अन् मले म्हणते, धन्यवाद! माह्या हातातलं उलथनं पडलं."

मग चहाला धन्यवाद. म्हशीचं दूध काढलं, धन्यवाद. लग्नापासून हा शब्द घरात आला नव्हता. बाईंनी माहेरी, केनवडला फोन लावला. माणूस निरवानिरव करतोय, याबद्दल तिथं कोणाला शंका उरली नाही. नातेवाईक केळी घेऊन भेटायला येऊ लागले. चुलतसासू गळ्यात पडून रडल्या. कोणीतरी पोहरादेवीला नवस बोललं. आणि देविदासराव येईल त्याला धन्यवाद म्हणत राहिले.

आता ते टेबलावर झुकून हळूच म्हणाले, "मॅडम, मले खरंच काही झालं का? तुमी लपवून त नाई राह्यल्या?"

मी साहेबांना, म्हणजे आमच्या मेडिकल ऑफिसरना बोलावलं. त्यांनी तपासलं. "ठणठणीत आहेत. पाहिजे तर लिहून देतो."

भाऊ म्हणाला, "साहेब, काही झालंच नाई त लिहून कायले देता?"

साहेबांनी पेन खिशात ठेवलं. पार्वतीबाईंनी हुंदका दिला. भाऊ अकोल्याला न्यायला फोनवर गाडी ठरवू लागला. मी समजावत होते, पण माझं कोण ऐकतंय!

तेवढ्यात देविदासराव ताडकन उठले.

"चूप बसा सारे! डोकं खाऊन राह्यले माह्यं! जेवू देत नाई, झोपू देत नाई! अन् तू! त्या भाजीत मीठ काय पोत्यानं ओतलं व्हतं?"

पार्वतीबाईंनी पदरानं डोळे पुसले.

"दादा, गाडी राहू दे," त्या भावाला म्हणाल्या. "हे बरे हायेत."

पुढच्या महिन्यात फॉलो-अपला दोघं जोडीनं आली. झोप लागत होती. मला बरं वाटलं. विचारलं, "एक्सरसाइज चालू आहे ना?"

"ते कवाच बंद केलं," देविदासराव म्हणाले. "पर लोकायले यायची सवय लागली. आता रडत नाई कोनी. संध्याकाळी चार जन येऊन बसते, गोष्टी करते. मंग पडल्याबरोबर डोळा लागते."

माणसांत बसल्यानं मनाला बरं वाटतं, हेही संशोधन सांगतंच. फक्त ते मी सांगितलं नव्हतं. साहेब म्हणाले, "केसपेपरवर 'उपचारास उत्तम प्रतिसाद' असं लिहा." मी लिहिलं.

आता कोणाला धन्यवाद म्हणायला सांगायचं असलं, की ज्याला ते ऐकावे लागणार, त्याला मी आधी बोलावून घेते.